एका जाळीवरून इनामगाव गाठू नका

साताऱ्या-सांगलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन फोटो जोडीनं फिरतायत. एकात कृष्णाकाठच्या उसाच्या रानातलं खापर, दुसऱ्यात इनामगावचं, म्हणजे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी उत्खननात सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं. दोन्हींवर काळी जाळी. खाली मजकूर: "नक्षी तीच, माती तीच, म्हणजे माणसंही तीच. ३५०० वर्षांचा पुरावा!"

नक्षी तीच? तिरप्या रेघांची जाळी माळवा भांड्यांवर आहे, त्यानंतरच्या जोर्वे भांड्यांवर आहे (दोन्ही ताम्रपाषाणयुगातल्या भांड्यांच्या शैली), हडप्पाच्या भांड्यांवरही आहे. जुळवायचं असतं ते वेगळंच: जाळी खांद्यावर आहे की गळ्यावर, वर-खाली पट्टे किती, रेघेचं टोक पट्ट्याबाहेर जातं की आत थांबतं. आणि मुळात भांडं कुठलं. जोर्वे ओळखायचं ते आधी घडणीवरून: चाकावरचं, पक्कं भाजलेलं, टिचकी मारली की खणखणणारं; कंगोऱ्याचा वाडगा, नळीसारख्या तोटीचं भांडं. फोटोत यातलं काय दिसतं? काठाचा तुकडा असेल तर एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर पालथा टेकवून व्यास काढता येतो. मात्र तुकडा पूर्ण काठाच्या विसाव्या हिश्श्याहून लहान असला, की व्यास हमखास चुकतो.

३५०० वर्षांचं म्हणाल, तर इनामगावातच तीन टप्पे आहेत: माळवा (इ.स.पू. १६००–१४००), आद्य जोर्वे (१४००–१०००), उत्तर जोर्वे (१०००–७००). उसाच्या रानात नांगरटीनं थर विस्कटलेले. बाहेरचा गाळ पडला असेल तर खापर त्या रानाचंही नसेल. शिवाय कऱ्हाडला सातवाहनकालीन वस्ती होती, तेव्हा त्या भागातलं लाल खापर दिसलं की आधी तो काळ आठवावा. काळी 'नक्षी' कधी कधी चुलीची काजळीही निघते. कडेला ओला कापूस हलकेच फिरवा. काळा झाला तर शंका घ्या, कारण भाजण्याआधी दिलेला रंग सहसा असा सुटत नाही. व्हिनेगर मात्र लावू नका. चुन्याच्या पापुद्र्याबरोबर रंगही उचलला जातो.

माती सारखी दिसणारच. घोड, नीरा, कृष्णा, तिन्ही खोरी बेसाल्टची.

राहिली माणसं. मडकी बाजारात विकली जातात, कुंभाराची लेक सासरी जाताना हातातली कला घेऊन जाते. गाव हलत नाही, नक्षी हलते. म्हणून दोन्हीकडची, एकाच टप्प्यातली निदान शे-दोनशे खापरं मांडून जाळी किती, चौकटी किती, नागमोडी किती हे मोजावं लागतं. तेही काठ वेगळे मोजून, नाहीतर एका फुटक्या रांजणाचीच दहा भांडी होतात.