‘घाटी’ हा शब्द आता भूगोलाचा राहिलेला नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. थोडक्यात असा: ‘कोकणातला तो कोकणी, तसा घाटावरचा तो घाटी. यात अपमान कसला? आपली माणसं आपसात म्हणतातच की. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेल तर राग मानू नये. आणि आपण नाही का परप्रांतीयांना भैय्या म्हणत? फिटंफाट.’

आधी घाटावरच्या अर्थाचं बघू. शब्द तसाच जन्मला, हे खरं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बाजारात कामाला आले ते घाटी. घाटी मसाला, घाटी लेझीम यातलं ‘घाटी’ आजही कुणाला टोचत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्याला तर सगळे ‘घाटी’च म्हणतात, ‘पेशंटला घाटीत हलवलं’ यात दुखावण्यासारखं काही नाही.

पण हाच शब्द माणसाला लावताना कुणी नकाशा बघत नाही. सदाशिव पेठ घाटावरच आहे, तिथल्या डॉक्टरांना कुणी घाटी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही. मालवण घाटाखाली, थेट समुद्राला लागून, तरी मुंबईच्या कॉलेजात माझ्या वर्गातला मालवणी मुलगा पहिल्याच आठवड्यात घाटी ठरला, कारण त्याचं इंग्रजी अडखळत होतं. गोव्यात बांधकामावर आलेला कन्नड मजूरही घाटीच. आणि ‘घाटी कलरचा शर्ट’, ‘काय घाटी नाचतोय’ यातला घाट कुठला? खंबाटकी की आंबा? इथे शब्द गाव सांगत नाही, पायरी दाखवतो.

शब्दाचा मूळ अर्थ धरायचा की चालू, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. २००८ च्या स्वरण सिंग खटल्यात, ॲट्रॉसिटी कायद्याखाली, एका जातिवाचक शब्दाबद्दल न्यायालयाने सांगितलं की व्युत्पत्ती नव्हे, तर वापरातून लोकांत रूढ झालेला अर्थ बघायचा. जातीच्या शिवीमागे जे भोगणं आहे, त्याच्या पंक्तीला मी ‘घाटी’ बसवत नाही, तो कायदाही याला लागत नाही. पण शब्द वाचायची रीत तीच.

आता ‘आपसात म्हणतातच’. माझे वडील पाटण तालुक्यातले, मशीद बंदरला माथाडी. टोळीतले जोडीदार त्यांना ‘ए घाट्या’ म्हणूनच हाक मारायचे आणि हाक मारता मारता त्यांच्या पाठीवरच्या गोणीला हात लावायचे. दुपारी एकाच डब्यातली भाकरी मोडायचे. वडीलही त्यांना तेच म्हणायचे. त्याच गल्लीत एका पेढीवरचे शेठ गादीवरून न उठता म्हणायचे, ‘ए घाटी, उचल.’ शब्द तोच. पण शेठना उलट म्हणायला वडिलांकडे काही नव्हतं, आणि असतं तरी दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. टोळीतल्या हाकेचा दाखला देऊन शेठच्या हाकेला परवाना मिळत नाही.

हेतूचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठ बाई माझ्यावर फार माया करायच्या. एकदा जेवताना सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणाल्या, ‘अगं, तू बिलकूल घाटी वाटत नाहीस हं!’ त्यांच्या मनात तसूभरही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मीही हसले, थँक्यू म्हटलं. संध्याकाळी घरी वडील बनियनवर बसून चहा बशीत ओतून पीत होते, आणि दुपारी आपण नक्की कशाबद्दल आभार मानले ते मला कळलं. ज्या शब्दातून वगळणं हे बक्षीस ठरतं, त्या शब्दात काय भरलंय ते बोलणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी दिसतंच.

राहिलं ‘फिटंफाट’. यातला आरोप खरा आहे. तिकडे भैया म्हणजे भाऊ, मायेने आणि मानाने मारायची हाक. आपण ‘भैय्ये फार वाढलेत’ म्हणतो तेव्हा त्यात भाऊ कुठेच नसतो. साठच्या दशकात मुंबईतल्या दाक्षिणात्यांना उद्देशून ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ म्हणताना लुंगी हे एका वस्त्राचं नाव राहिलं होतं का? पण आपण दुसऱ्यावर केलेल्या अन्यायाने आपल्यावरचा अन्याय फिटत नाही, दोन्ही उधाऱ्या उभ्याच राहतात.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला घेतलं, तेव्हा वर दोन दिवसांपूर्वीचा माझाच मेसेज दिसला: ‘भैय्याला सांगा, पाणी वेळेवर सोड म्हणावं.’ तो मी काढला. नाव घालून पुन्हा लिहायचं होतं. चार वर्षं ते आमच्या गेटवर आहेत, आणि त्यांचं नाव मला सेक्रेटरींना विचारावं लागलं.