दमट हवेत मिश्र कापड कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, 'दोन पँट, चार टॉप आणि आठवडाभराचा प्रवास' या माझ्या लेखात मी मोजकेच, सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचे कपडे न्यायला सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. ठाण्यात राहून पॉलिस्टर मिसळलेलं कापड सुचवणं म्हणजे लोकांना उकडून काढणं. आपल्या बायकांना प्रवासात देवळात जायचं असतं, लग्नाला जायचं असतं, ते मी विचारातच घेतलं नाही. आणि फोटोत रोज तेच कपडे.

देवळासाठी वेगळा ड्रेस कशाला हवा? गुडघ्याखाली येणारा, पुढून पूर्ण बटणांचा कुर्ता आणि मोठी सुती ओढणी घ्या. रात्री ठाण्याहून गोव्याला जाणारी कोकणकन्या पकडलीत की एसी डब्यात ती ओढणी अंगावर येते, मंगेशीला डोक्यावर आणि कोलव्याला उन्हासाठी. कुर्ता देवळात बटणं लावून, किनाऱ्यावर तोच टी-शर्टवर उघडा.

आता कापड. साधारण हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणूनच सुती अंगाला बरं वाटतं आणि म्हणूनच ते वाळता वाळत नाही. घरी दोन दिवस दोरीवर राहिलं तरी बिघडत नाही. लॉजच्या बाथरूममध्ये रात्री टाकलेला जाड कुर्ता मात्र सकाळी दमट मिळतो आणि दुपारपर्यंत कुबट वास मारतो. निव्वळ पॉलिस्टर मलाही सोसत नाही, घाम अंगावरच चिकचिकतो. निम्मं सुती, निम्मं पॉलिस्टर सुचवलं ते त्यासाठी. सुतीच हवं तर मलमल घ्या, पातळ विणीचं कापड भराभर वाळतं. टर्किश टॉवेलऐवजी पंचा न्या. कोरड्या पंचात ओला कुर्ता गुंडाळून पीळ दिला की बरंचसं पाणी तिथेच निघतं.

खात्री करायची तर जुलैत घरातच करा: रात्री धुऊन पंख्याखाली टाकलेला कुर्ता सकाळी कोरडा मिळाला, तर तो बॅगेत टाकायला हरकत नाही.

लग्नाचं म्हणाल तर तो वेगळाच प्रवास. पैठणी, तिचा परकर, दागिने चार टॉपच्या हिशेबात बसवायला मी कुणालाच सांगणार नाही.

राहता राहिले फोटो. वेगळ्या रंगाची आणखी एक ओढणी न्या, तिचं वजन ते काय! त्या मानाने जीन्स बघा, एकटीच अर्ध्या किलोच्या वर जाते आणि विमानात हातातल्या बॅगेला बहुधा सातच किलो मिळतात. न्यायचीच असेल तर अंगावर घालून निघा. पावसाळ्यात तर घरीच ठेवा, भिजली की दोन दिवस वाळत नाही.