आमदाराच्या अटकेला सभापतींची परवानगी लागते का?

‘सभापतींच्या परवानगीशिवाय पोलीस आमदाराला हातही लावू शकत नाहीत,’ असा मेसेज गोव्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. अधिवेशनकाळात आणि त्याच्या मागेपुढे ४० दिवस अटकेपासून सूट मिळते ती फक्त दिवाणी प्रकरणांत. फौजदारी गुन्ह्यात पोलीस अटक करू शकतात. सभापतींना तातडीने कळवावे मात्र लागते. आधी परवानगी हवी ती पर्वरीच्या विधानसभा संकुलाच्या आत अटक करायची असेल तरच. फाटकाबाहेर नाही.

राज्यघटनेचे कलम १९४ सभागृहातल्या भाषणाला आणि मताला संरक्षण देते, लाचेला नव्हे, आणि लोकांनी नेमके हेच नीट समजून घ्यायला हवे. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण देणारा १९९८ चा नरसिंह राव निकाल एकमताने मोडीत काढला. मतासाठी पैसे घेतले की गुन्हा तिथेच पूर्ण होतो; पुढे मत कुणाला दिले, हा प्रश्न उरत नाही.