रुजू तारखेने न्याय होतो का? वैमानिकांच्या एकत्रित ज्येष्ठता यादीविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील दोन प्रादेशिक विमान कंपन्या एकत्र येणार अशी बातमी आली की वैमानिकांमध्ये एक दावा हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: दोन ज्येष्ठता याद्या एकत्र करायला लवाद, वकील आणि समित्या कशाला हव्यात? जो आधी रुजू झाला तो वर, जो नंतर आला तो खाली, इतकाच खरा न्याय आहे. याहून वेगळे काही झाले तर ते व्यवस्थापनाचे कारस्थान समजावे, त्यात आपली नोकरीची वर्षे बुडतात, आणि यादी लागली की समोरच्या कंपनीतले लोक आपल्या जागा बळकावतात. शेवटी अशीही पुस्ती जोडलेली असते की प्रादेशिक कंपनी ही तर मोठ्या कंपनीकडे जाण्याची पायरी, तेव्हा तिथल्या यादीचे एवढे महत्त्व मानू नये. या दाव्यामागची अस्वस्थता खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. पण त्यातील एकही विधान तपासणीला उतरत नाही.

आधी ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकाची किंमत लक्षात घेतली पाहिजे. कॅप्टनची जागा कधी मिळणार, कोणत्या प्रकारचे विमान उडवायला मिळणार, कोणता बेस (म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते तो विमानतळ) मिळणार, महिन्याचे ठरलेले वेळापत्रक मिळणार की रिझर्व्हवर, म्हणजे राखीव वैमानिक म्हणून, फोनची वाट पाहत बसावे लागणार, सणाच्या दिवसांत रजा मिळणार की नाही, आणि कपात आली तर घरी आधी कोण बसणार, हे सारे त्या एका क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की हा क्रमांक बरोबर नेता येत नाही. वीस वर्षांचा अनुभव असला तरी नव्या ठिकाणी शेवटून सुरुवात करावी लागते. म्हणूनच दोन याद्या एकत्र करणे हे कारकुनी काम नव्हे.

आता पहिले विधान घेऊ: तारीख तटस्थ असते. मुळात कोणती तारीख, हाच प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ग्राउंड स्कूलचा, म्हणजे रुजू झाल्यावरच्या वर्गातील प्रशिक्षणाचा, पहिला दिवस धरतात. पण एका तुकडीत वीसजण असतील तर त्या सर्वांची तारीख एकच असते, आणि मग त्यांच्यातला क्रम कुठे वयावरून लावतात, तर कुठे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या (प्रत्येकाला मिळणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाच्या) शेवटच्या अंकांवरून. फर्लोवर, म्हणजे कपातीमुळे बिनपगारी घरी बसण्यात, गेलेला काळ एका कंपनीच्या करारात सेवेत धरलेला असू शकतो आणि दुसऱ्या कंपनीच्या करारात वजा केलेला असू शकतो. म्हणजे ज्या निकषाला निर्विवाद म्हटले जाते, त्याची मोजपट्टीच दोन घरांत वेगवेगळी असू शकते.

तरी समजा, तारखा एकाच रीतीने मोजल्या. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि ती आकड्यांशिवाय नीट दिसत नाही. एक काल्पनिक उदाहरण घ्या. पहिल्या कंपनीत 600 वैमानिक आहेत, त्यांपैकी 300 कॅप्टन. गेली सहा वर्षे तिथे भरतीच झालेली नाही. दुसरी कंपनी वाढत आहे. तिच्यात 400 वैमानिक, त्यांपैकी 200 कॅप्टन, आणि 400 पैकी 350 जण याच सहा वर्षांत आलेले. दोन्ही याद्या तारखेने लावल्या तर पहिल्या 650 क्रमांकांत पहिल्या कंपनीचे सगळे 600 आणि दुसरीचे फक्त 50 जण बसतात. एकूण कॅप्टनपदे 500. याचा अर्थ पुढच्या काळात क्रमांकाच्या बळावर कॅप्टनपद सांभाळू शकणारे दुसऱ्या कंपनीचे जास्तीत जास्त 50 जण उरतात. विलीनीकरणात त्या कंपनीने 200 कॅप्टनपदे आणली आणि त्यांतली किमान 150 तिच्या वैमानिकांच्या हातून गेली. त्यांचा दोष एवढाच की त्यांची कंपनी वाढत असताना ते तिथे रुजू झाले. याला तटस्थ म्हणता येणार नाही.

उलट बाजूनेही प्रामाणिक राहिले पाहिजे. केवळ प्रमाणाने याद्या गुंफल्या, म्हणजे इकडचे तीन आणि तिकडचे दोन अशा रीतीने, तर दहा वर्षे फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) खुर्चीत काढलेल्या माणसाच्या वर चार वर्षांचा वैमानिक येऊन बसू शकतो, आणि त्या माणसाचा संताप समजण्याजोगा आहे. म्हणूनच एअर लाइन पायलट्स असोसिएशन या संघटनेच्या विलीनीकरण धोरणात एकच निकष नाही. सेवेची लांबी, वैमानिकाचे पद व विमानाचा प्रकार, आणि विलीनीकरण झाले नसते तर त्याच्या कारकिर्दीकडून काय अपेक्षा ठेवता आली असती, या तिन्ही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. त्यांतले कोणाला किती वजन द्यायचे, यावरच सगळा वाद असतो.

प्रादेशिक कंपन्यांच्या बाबतीत तिसरा निकष फार महत्त्वाचा ठरतो, आणि फिरणाऱ्या दाव्यात त्याचा उल्लेखही नसतो. या कंपन्या मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या नावाने, त्यांच्याशी केलेल्या मुदतीच्या करारावर उड्डाणे करतात. दोन वर्षांत करार संपणार असलेल्या कंपनीतले कॅप्टनपद आणि आठ वर्षांचा करार हातात असलेल्या कंपनीतले कॅप्टनपद यांचे मोल सारखे नसते, मग दोघांची रुजू तारीख एकच का असेना. कंपनी बंद पडली तर क्रमांकही संपतो: डेल्टाच्या मालकीची कॉमएअर सप्टेंबर 2012 मध्ये बंद झाली, तेव्हा तिथल्या वैमानिकांची वर्षानुवर्षांची ज्येष्ठता तिच्याबरोबर गेली. पिनॅकल, मेसाबा आणि कोलगन या तीन कंपन्यांच्या याद्या 2011 मध्ये लवाद रिचर्ड ब्लॉक यांच्या निवाड्याने एक झाल्या. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2012 मध्ये, पिनॅकल दिवाळखोरीत गेली, आणि कोलगनकडून आलेली टर्बोप्रॉप (पंख्यावर चालणाऱ्या) विमानांची उड्डाणे गुंडाळली गेली. विमान नाहीसे झाले तरी त्या वैमानिकांजवळ तीन कंपन्यांच्या सामायिक यादीतला क्रमांक होता. वेगळी यादी असती तर तिचा आधार त्या विमानांबरोबरच संपला असता.

दुसरे विधान कारस्थानाचे. वस्तुस्थिती अशी की यादी बहुतांशी वैमानिक विरुद्ध वैमानिक अशाच वाटाघाटीत ठरते. दोन्ही बाजूंच्या विलीनीकरण समित्या आधी चर्चा करतात, मग मध्यस्थी होते, आणि तोडगा निघाला नाही तर लवादाकडे जातात. कोण वर आणि कोण खाली यात कंपनीला सहसा रस नसतो. नव्या यादीमुळे शेकडो वैमानिकांना एकाच वेळी नव्या विमानाचे प्रशिक्षण द्यावे लागू नये, एवढी तिला काळजी असते. कायदाही कोणत्याही एका सूत्राचा आग्रह धरत नाही. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या तेव्हाच्या अमेरिकी हवाई नियामक मंडळाने 1972 मध्ये अलेगनी आणि मोहॉक या दोन प्रादेशिक कंपन्यांच्या विलीनीकरणात कामगार संरक्षणाच्या ज्या अटी घातल्या, त्यांत याद्या न्याय्य आणि समतोल रीतीने एकत्र कराव्यात असे म्हटले आहे. तारखेचे किंवा प्रमाणाचे सूत्र त्यांत दिलेले नाही. अमेरिकन एअरलाइन्सने 2001 मध्ये टीडब्ल्यूए ही विमान कंपनी विकत घेतल्यावर तिथल्या केबिन क्रूला सरसकट यादीच्या तळाशी टाकले गेले. त्या अन्यायातून 2007 मध्ये मॅककॅस्किल-बाँड कायदा झाला आणि याच जुन्या अटींना कायद्याचे बळ मिळाले. दोन्ही गटांची संघटना एकच असेल तर मात्र त्या संघटनेचे अंतर्गत धोरण लागू होते.

वर्षे बुडतात हे विधान तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करते. प्रति तास वेतनाची पायरी, रजेचे दिवस आणि निवृत्तीचे लाभ सेवेच्या वर्षांवर ठरतात, आणि ती वर्षे सहसा तशीच पुढे चालतात. यादीतला क्रमांक खाली गेला म्हणून बारा वर्षांचा माणूस चार वर्षांच्या वेतनावर येत नाही.

प्रादेशिक कंपनी ही केवळ मोठ्या कंपनीकडे जाण्याची पायरी, या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. अनेकजण प्रादेशिक कंपनीतूनच निवृत्त होतात. आणि अमेरिकनच्या मालकीच्या पिडमाँट, पीएसए व एन्व्हॉय या कंपन्यांत मोठ्या कंपनीकडे जाण्याची ठरलेली वाट ज्येष्ठतेच्याच क्रमाने उघडते. पायरी मानली तरी ती याच यादीतून चढावी लागते.

फक्त तारीखच हवी, या हट्टाची किंमत मोठ्या कंपन्यांत दिसून आली आहे. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005 मध्ये एकत्र आल्या. मे 2007 मध्ये लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी यूएस एअरवेजच्या सुमारे 500 सर्वांत ज्येष्ठ वैमानिकांना सर्वांत वर, फर्लोवर असलेल्यांना तळाशी आणि बाकीच्यांना प्रमाणाने गुंफून यादी दिली. यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी 2008 मध्ये संघटनाच बदलली आणि तारखेचा आग्रह नव्या संघटनेच्या घटनेत लिहून घेतला. निकोलाउ यांची यादी कधीच अमलात आली नाही. दोन्ही गट वर्षानुवर्षे वेगळ्या करारांवर, वेगळ्या वेतनावर उडत राहिले, आणि अखेर 2015 मध्ये अपील न्यायालयाने त्या नव्या संघटनेने न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य मोडल्याचा निर्णय दिला. तारखेने लावलेली यादी त्यांना तरीही मिळाली नाही.

राहिली भीती जागा बळकावण्याची. निवाड्यात यादीबरोबर अटीही असतात, आणि लोक त्या वाचत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. नव्या क्रमांकाच्या जोरावर कोणालाही त्याच्या सध्याच्या खुर्चीतून उठवता येणार नाही, अशी अट बहुधा असतेच. नवा क्रमांक रिकाम्या होणाऱ्या जागांना लागू होतो. काही बेस किंवा काही विमाने ठरावीक वर्षे एका गटासाठीच राखून ठेवता येतात. वरच्या उदाहरणातल्या 200 कॅप्टनपदांपैकी किती जागा, किती वर्षे आणि कोणत्या बेसवर राखल्या आहेत, आणि ताफा कमी झाला तर त्या राखीव जागांचे काय होणार, हे त्या अटींतच लिहिलेले असते. निवाडा हातात आला की स्वतःचा क्रमांक शोधण्याआधी ती पाने वाचावीत, आणि शंका असेल तर आपल्या विलीनीकरण समितीला लेखी विचारावे.