ठोसे खाऊन तोल सुधारत नसतो

ताईने परवा भाच्याचं फुटबॉल बंद करून त्याला बॉक्सिंगला घालायचं ठरवलं. कारण काय, तर एक फॉरवर्ड. झुंजीच्या खेळांतल्यांचा तोल सांघिक खेळाडूंपेक्षा कायम सरस, डोळे मिटून एका पायावर 30 सेकंद उभं राहिलं की कळतं, फुटबॉलवाल्यांचे घोटे म्हणूनच मुरगळतात, आणि डोक्याला ठोसे बसून बसून कानातलं तोलाचं यंत्र ‘पक्कं’ होतं म्हणे!

शेवटचं आधी घेतो, कारण ते नुसतं चूक नाही, घातक आहे. अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरलं की द्रव हलतो आणि तिथल्या नाजूक पेशी मेंदूला खबर देतात. मार खाऊन बळकट व्हायला ते काय दंड आहेत? उलट डोक्याला मार लागून कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला हादरा बसला, की तोल बिघडतो. म्हणूनच तर अशा खेळाडूला कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून उभं करतात: पाय जोडून, मग एका पायावर, मग पावलामागे पाऊल ठेवून. प्रत्येकी 20 सेकंद, एकदा कडक जमिनीवर, एकदा फोमवर. हात सुटला, डोळा उघडला, पाऊल पडलं की चूक मोजतात.

एका पायाची परीक्षा फक्त स्थिर तोल दाखवते. पळता पळता वळतानाचा तोल वेगळा. ब्रेसेल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2007 साली महाविद्यालयीन महिला खेळाडू तपासल्या. फुटबॉलपटू जिम्नॅस्टच्या तोडीस तोड निघाल्या. बास्केटबॉलवाल्या मात्र स्थिर तोलात जिम्नॅस्टच्या आणि हलत्या तोलात फुटबॉलपटूंच्या मागे पडल्या. मग सगळे सांघिक खेळाडू एकाच माळेचे मणी कसे? आणि कबड्डी कुठे बसवणार? बोनस घेताना एक पाय रेषेपलीकडे, दुसरा हवेत, आणि समोर सहा-सात जण टपलेले!

बरं, ज्युडोवाल्यांना मानायलाच हवं. 2002 च्या एका अभ्यासात डोळे मिटल्यावरही त्यांचा तोल टिकला. पण तुलना बॅले नर्तकांशी होती, फुटबॉलवाल्यांशी नव्हे.

घोटे मुरगळतात, खरं आहे. त्यावर उपाय तोलाचा सराव. शाळकरी फुटबॉल-बास्केटबॉलपटूंमध्ये त्याने मुरगळणं कमी झाल्याचं 2006 सालीच दिसलंय. खेळ सोडायची गरज नाही.

ताईला लिहिलं, त्याला दात घासताना एका पायावर उभं राहू दे. तिचं उत्तर आलं, “कुठल्या?”

दोन्ही गं, आळीपाळीने.