मुरुमांवर खोबरेल, आगळ आणि तीन दिवसांत गोरं करणारं क्रीम: एका फॉरवर्डला उत्तर

कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मुरुमांबद्दलचा एक मेसेज सारखा फिरतो. थोडक्यात मजकूर असा: आपल्या दमट हवेला ही नवी औषधं मानवत नाहीत, रात्री घाण्याचं खोबरेल लावा, लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळा, मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड जेल कातडी जाळतं, शिवाय त्यात कॅन्सरचं रसायन असतं, ॲडापलीन या दुसऱ्या जेलने मुरुमं वाढतात, आणि काहीच लागू पडलं नाही तर मेडिकलमधून पांढरं मिक्स क्रीम आणा, तीन दिवसांत चेहरा लख्ख.

‘खोबरेलातलं लॉरिक ॲसिड जंतू मारतं’

खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड असतं, आणि सुटं लॉरिक ॲसिड प्रयोगशाळेत मुरुमांचे जंतू मारतं, इथवर ठीक. पण तेलात ते सुटं नसतं, ग्लिसरीनला बांधलेलं असतं. आणि मुरूम काही जंतूंपासून सुरू होत नाही. केसाच्या मुळाशी तेल झिरपतं, मेलेल्या पेशी त्यात चिकटतात, तोंड बुजतं; जंतू माजतात ते त्यानंतर. बुजलेल्या तोंडावर रात्रभर आणखी तेल ठेवून काय साधणार?

पावसाळ्यात दुसरीच भानगड होते. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, खाजणाऱ्या पुळ्या उठतात. त्या बहुतेकदा मुरुमं नसतातच. मॅलासेझिया नावाच्या बुरशीचं ते काम. ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच वाढते, त्यामुळे खोबरेलाने ती आणखी फोफावते. यावर मुरुमांची औषधं फारशी चालत नाहीत, बुरशीचंच औषध लागतं. ओळखायची खूण खाज: मुरूम दुखतो, खाजत फारसा नाही. डोक्याला तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावावं. तेल थापून झोपलं की कपाळाच्या कडेने पुळ्यांची रांग आलीच.

‘लिंबू किंवा आगळ चोळा’

नको. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फारच आंबट, त्यात सालीतली काही द्रव्यं उन्हाने पेटतात. रस लावून उन्हात गेलं की दिवसा-दोन दिवसांनी लाली किंवा फोड येतात आणि मागे काळपट डाग महिनोन्महिने राहतो. आगळात आंबटाबरोबर मीठही असतं, फुटलेल्या पुळीवर ते फक्त झोंबतं. आगळ सोलकढीतच बरं.

‘बेंझॉइल पेरॉक्साइड जाळतं, कॅन्सर करतं’

जाळतं ते बहुधा टक्केवारी चुकल्यामुळे. लाल, पू धरलेल्या मुरुमांवर 2.5 टक्क्यांचं जेल 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्रास कमी देतं. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण हा हिशेब इथे लागत नाही. 5 टक्क्यांचं मिळालं आणि चरचरलं, तर पाच-दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकावं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या वगळाव्यात. याला जंतू सरावत नाहीत, हा मोठा गुण. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटं महिनोन्महिने लावलं तर जंतू निर्ढावतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच द्यायचं असतं.

एक दोष मात्र खरा: हे कपड्याचा रंग उडवतं. रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात. तोंड पुसायला पांढरा पंचा ठेवावा. तो जुलैतही लवकर वाळतो.

आता कॅन्सरची गोष्ट. बेंझॉइल पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होऊन त्यातून थोडं बेंझीन, म्हणजे ते कॅन्सरचं रसायन, सुटतं, हे खरं. 2024 मध्ये अमेरिकेत यावरून गदारोळ झाला. तिथल्या औषध प्रशासनाने 95 उत्पादनं तपासून 2025 मध्ये निकाल दिला: नव्वद टक्क्यांहून अधिकांत बेंझीन सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य होतं, मोजकी उत्पादनं बाजारातून मागे घेतली गेली. धडा घ्यायचा तो साठवणुकीचा. ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये, आणि तारीख उलटलेली फेकून द्यावी.

‘ॲडापलीनने मुरुमं वाढतात’

पहिले दोन ते चार आठवडे काहींची वाढतात. आत दडलेल्या गाठी लवकर वर येतात, त्या बसतात. खरी तक्रार असते सोलपटण्याची, आणि ती बहुतेक वेळा लावण्याच्या पद्धतीतून येते. लोक ते पुळीवर टिकलीसारखं लावतात, तेही तोंड धुतल्या धुतल्या. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं. तोंड धुऊन वीसेक मिनिटं कोरडं होऊ द्यावं, मग 0.1 टक्क्याचं जेल सुक्या वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पसरावं. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. चरचरलं तर आधी मॉइश्चरायझर, त्यावर औषध.

गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. गणपतीला चेहरा साफ हवा असेल तर मृगातच सुरुवात करावी. श्रावणात धावपळ करून उपयोग नाही. गरोदरपणात ॲडापलीन लावू नये; तिथे डॉक्टर ॲझेलेइक ॲसिड सुचवतात, ते मागे राहणाऱ्या काळ्या डागांवरही चालतं.

निवड करायची ती मुरूम पाहून. नुसते काळे-पांढरे दाणे असतील तर ॲडापलीन, किंवा सौम्य हवं असेल तर 2 टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक ॲसिड. लाल, पुवाचे असतील तर सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री ॲडापलीन. नायसिनामाइड (बी3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) जोडीला चालेल, मुख्य भार त्याच्यावर टाकू नये. सगळंच एका रात्री लावणाऱ्याचा चेहरा आठवड्यात भाजल्यासारखा होतो आणि दोष मग औषधाला. आंबा-काजूच्या दिवसांत आणखी एक घोटाळा होतो: चीक लागून उठलेल्या फोडांना मुरूम समजून त्यावर ही जेलं लावली जातात. तसं करू नये.

‘दमट हवेत मॉइश्चरायझर कशाला?’

कारण औषधाने त्वचेचा वरचा थर कमजोर होतो आणि घामाने तो भरून येत नाही. पातळ, जेलसारखं घ्यावं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर साबणाला फेस येत नाही, लोक दुप्पट घासतात. तिथे सौम्य, बिनसाबणाचं फेसवॉश बरं. दिवसा सनस्क्रीन हवंच.

‘तीन दिवसांत लख्ख’ करणारं क्रीम

संपूर्ण फॉरवर्डमध्ये धोक्याची ओळ हीच. अशा मिक्स क्रीममध्ये बहुधा क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. लाली दोन दिवसांत दबते, म्हणून विश्वास बसतो. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, एकसारख्या पुळ्यांचं नवं पीक येतं. बंद करावं तर चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावलं जातं. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं अनुसूची एचमध्ये टाकली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, तरी काउंटरवरून हातोहात जातात. ट्यूब घेण्याआधी मागचे घटक वाचावेत, शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ येणारं नाव दिसलं तर आधी विचारावं. ते महिनोन्महिने लावून झालं असेल तर स्वतःच्या मनाने सोडू नका, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कुठलं स्टेरॉइड, किती दिवस लावलं, यावरून ते कसं उतरवायचं हे ठरतं.