इतिहास मंडळवाल्यांनो, यंदा तरी स्टेज नका बांधू

पाऊस ओसरला की आमच्याकडं इतिहासाचा सीझन सुरू होतो. नवरात्रात व्याख्यानमाला, खंडेनवमीला शस्त्रपूजन आणि शस्त्रप्रदर्शन, कोजागिरीला मसाला दूध आणि पोवाडे, दिवाळीत किल्ले स्पर्धा आणि मग 19 ते 25 नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह, त्याचा हेरिटेज वॉक. व्हॉट्सॲपवर रोज एक पोस्टर येऊन पडतं. त्यावर मान्यवरांचे हसरे फोटो आणि बघायला नेमकं काय आहे ते तळाला, बारीक अक्षरात, स्वागतोत्सुकांच्या वर.

मी हे कार्यक्रम सहसा चुकवत नाही, त्यामुळं थोडं बोलणारच.

आमच्या तालुक्याच्या गावात एक इतिहास मंडळ आहे (नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत), त्यांना एका घराण्यानं आपला जुना वाडा दिला, त्यात छोटंसं संग्रहालय आहे. दोन चौक, माजघर, वर दिवाणखाना, सगळं अजून उभं आहे. आणि खंडेनवमीचा कार्यक्रम कुठं तर वाड्याच्या बाहेर मंडपात! सहाची वेळ, पाहुणे आले सव्वासातला, मग प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. प्रमुख पाहुणे म्हणाले आजच्या तरुण पिढीला इतिहासाचं काही पडलेलं नाही, आणि तरुण पिढी तेव्हा मागं खुर्च्या लावत होती. आभारप्रदर्शन संपेपर्यंत नऊ वाजले आणि आत जायची वेळ आली तर 'पाच मिनिटांत बघून घ्या, कुलूप लावायचंय.'

त्या पाच मिनिटांत वाडा सांभाळणाऱ्या काकांनी जे दाखवलं ते अख्ख्या संध्याकाळीत कुणी सांगितलं नव्हतं. एका तलवारीच्या पात्यावर त्यांनी मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. सरळ धरला तर काही दिसत नाही, आडवा धरला की खोदलेली अक्षरं वर येतात, पुसट, रोमन लिपीतली. म्हणजे पातं युरोपातलं आणि मूठ आपल्याकडच्या कारागिराची. असल्या तलवारीला म्हणायचेच फिरंगी. सतराव्या शतकात मराठ्यांकडं ही परदेशी पाती भरपूर यायची, लांब, सरळ, चांगल्या पोलादाची, आणि आपले लोक त्यावर आपल्याला हवी तशी मूठ चढवून घ्यायचे. आता बघा, त्या एका पात्यात समुद्रापारचा व्यापार आहे, बंदरं आहेत, जकात आहे, लोहारकाम आहे, सगळंच आहे की! आणि बाहेर माइकवर काय चाललं होतं तर 'ही नुसती तलवार नाही, हा आपला स्वाभिमान आहे'. असेल ना, पण आधी नीट दाखवा तरी.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरात मांडलेल्या संग्रहालयाची ताकद घरात असते, ती मंडपात नेली की संपली. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय आठवा. दिनकर केळकर चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारा, त्यांनी 1920 च्या सुमारास जमवाजमव सुरू केली, बायको कमलाबाईंची साथ होती, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि पुढं हे सगळं सरकारला देऊन टाकलं. लोक तिथं मस्तानी महाल बघायला जातात, जावंच, पण मी थांबतो ते अडकित्त्यांपाशी आणि पाय घासायच्या वज्रींपाशी. सुपारी कातरायचं आणि टाच घासायचं हत्यार, त्यावर कुणीतरी एवढी कलाकुसर का केली असेल? हे राजेरजवाड्यांच्या इतिहासात सापडत नाही, घरातच सापडतं.

म्हणून दिवाळीतल्या एका संध्याकाळी आमच्या वाड्यात तासभर वीज बंद ठेवा, ही माझी जुनी मागणी. माजघरात फक्त समई आणि लामणदिवा. लोकांना बसू द्या, एक ओळ वाचायचा प्रयत्न करू द्या, भाकरी थापून बघू द्या. तेलाच्या दिव्याचा उजेड किती तोकडा असतो ते कळल्याशिवाय दिवेलागणीच्या आत स्वयंपाक का उरकायचे, दिवाळीला एवढे दिवे लावण्यात एवढी चैन का वाटायची हे कळत नाही. फक्त संग्रहातला जुना दिवा पेटवू नका, घरून साधी समई आणा, वाळूच्या बादल्या भरून ठेवा आणि एक माणूस फक्त दिव्यांवर बसवा. सागवानी वाडा आहे तो. शनिवारवाडा 1828 च्या आगीत कसा गेला ते आपण मंडपात दरवर्षी हळहळत ऐकतोच.

किल्ले स्पर्धेचं तर बोलायलाच नको. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, 11 आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून उत्साह दुप्पट झालाय आणि ते चांगलंच आहे. पण परीक्षक बक्षीस देतात ते लायटिंगला आणि कारंज्याला! एका बोळात दोन पोरींनी राजगड केला होता. माती, पोती, विटांचे तुकडे, वर पेरलेले हळीव नुकते उगवलेले. त्यातल्या धाकटीनं मला तिन्ही माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाट्या, हातानं दाखवल्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी, आणि म्हणाली, 'काका, संजीवनीला भिंतीच्या आत भिंत आहे, बाहेरची पडली तरी आतली लढते.' असा दुहेरी भिंतीचा, म्हणजे चिलखती बुरूज तिनं काड्यापेटीच्या पुठ्ठ्यानं केला होता. परीक्षक पुढं निघून गेले कारण किल्ल्यावर लाईट नव्हते. अरे, तिला बक्षीस नको देऊ, पण तिचं बोलणं तरी ऐकून घे ना!

नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात असाल तर 28 तारखेला, महात्मा फुल्यांच्या स्मृतिदिनी, फुले वाड्यात जाऊन या. हारतुरे असतात, पुढारी असतात, गर्दीही असते. पण गर्दी टळल्यावर हौदापाशी थांबा. 1868 मध्ये हाच हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला, म्हणजे सभेतला ठराव नाही की जाहीरनामा नाही, स्वतःच्या अंगणातलं पाणी. तिथं उभं राहिलं की भाषणाची गरजच पडत नाही, आणि तरी लोक समाधीला हार घालून फोटो काढून हौदाकडं न बघता निघून जातात.

आता मंडळाची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल याला बोलायला काय जातंय. मागच्या वर्षी वाड्याची कौलं बदलली ती कुणाच्या पैशातून? ज्यांचा सत्कार झाला त्यांच्यातल्याच एकाच्या. स्टेज नसेल तर देणगी नाही, देणगी नसेल तर पावसाळ्यात दिवाणखाना गळतो. हे मला मान्य आहे. मग ठेवा की एक दिवस सत्कारांचा, मी येऊन टाळ्या वाजवतो. बाकीच्या संध्याकाळी मात्र मंडप नको, माइक नको, एक वस्तू, वीस माणसं आणि सांगणारा एक. 1910 मध्ये इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं त्याच्या आधीपासून ते गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडत होते, लोकांच्या माळ्यावरचे कागद उघडून वाचत होते. आपल्या वाड्यातही वरच्या फडताळात जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडलेत आणि ते सोडून वाचायला आजवर कुणाला सवड झालेली नाही.

तर कोजागिरीला दूध आटवायच्या आधी एक रुमाल सोडू या असं मी मंडळाला कळवलंय. मोडी वाचणाऱ्या एक निवृत्त बाई तयार आहेत, मानधन नको म्हणतात, फक्त गुडघे दुखतात म्हणून खाली बसता येत नाही, टेबलखुर्ची हवी. अध्यक्षांचं उत्तर आलंय: 'कल्पना छान आहे, पण प्रमुख पाहुणे कोण?'